आमचा जावई वाशीमला गेला तेव्हा

आमच्या शाळेत रोबोटिक्सची प्रयोगशाळा आली तेव्हा मी आठवीत होते आणि तिच्यात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा नववीत. मधल्या काळात ती कामरगावातली सर्वात स्वच्छ खोली होती, कारण तिच्यात कोणीच जात नसे. उद्घाटनाला एक पुढारी आले होते. त्यांनी फीत कापली, एका खोक्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि खोक्यात काय आहे हे न विचारता ते जेवायला गेले. त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांनी कुलूप लावलं. पोरांनी हात लावला की वस्तू खराब होतात, आणि उद्या तपासणीला कोणी आलं तर वस्तू नव्या दिसल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. वस्तू नव्या राहिल्या. आम्ही मात्र जुने होत गेलो.

कुलूप निघालं ते वाशीमहून फोन आला म्हणून. जिल्ह्याची रोबोट स्पर्धा होती आणि प्रयोगशाळा असलेल्या प्रत्येक शाळेनं संघ पाठवायचाच होता. विज्ञानाच्या सरांची तेव्हाच रिसोडकडे बदली झाली होती. गणिताच्या मॅडमना दहावीचा अभ्यासक्रम संपवायचा होता. उरले खेळाचे सर. त्यांचा तास कोणालाही, कधीही, कशासाठीही घेता येत असे, त्यामुळे शाळेत ते कायम मोकळेच समजले जात. मुख्याध्यापकांनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

सर कबड्डीचे. गुडघे गेलेले, पण छाती शाबूत. त्यांनी आम्हा तिघांना पुढ्यात उभं केलं आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "मले यातलं काही समजत नाही. पण जिल्ह्याले जायचं तं हारायले जायचं नाही, एवढं समजते."

आम्ही तिघं कसे निवडले गेलो, हेही सांगायला हवं. माझी मैत्रीण खरी हुशार होती. तिचे वडील एसटीत वाहक. ते ड्युटीवरून येऊन दुपारी झोपले की ती त्यांचा फोन घेऊन प्रोग्राम कसा लिहायचा याचे व्हिडिओ बघत बसायची. ती बोलायची फार कमी, आणि बोलली की समोरच्याला वाटायचं हिनं आणखी कमी बोलावं. दुसरा आमच्या वर्गातला बडबड्या, जो प्रत्येक स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करायचा. त्याला तंत्रज्ञानातलं काही कळत नव्हतं, पण परीक्षकांपुढे कोणीतरी बोलायला हवं होतं. तिसरी मी. मी मैत्रिणीच्या बाकावर बसायचे, एवढीच माझी पात्रता.

स्पर्धेतलं काम सांगायला सोपं होतं. पांढऱ्या फळीवर काळी रेघ. रेघेवर ठिकठिकाणी तीन खोकी. रोबोटानं आपणहून रेघ धरून जायचं, खोकं उचलायचं, शेवटच्या चौकोनात म्हणजे गोदामात नेऊन ठेवायचं आणि पुढच्यासाठी परत फिरायचं. एकदा सोडल्यावर हात लावायचा नाही. दोन शाळांचे रोबोट आपापल्या फळीवर एकाच वेळी सुटणार, ज्याची खोकी जास्त तो पुढे.

पहिली अडचण मुख्याध्यापकांनी आणली. मोटर घ्या, सेन्सर घ्या, सर्किटचं बोर्ड घ्या, म्हणाले, पण त्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या तेवढ्या घेऊ नका, त्यांच्यावर ओरखडे पडतात. मग रोबोटाचं अंग आम्ही मोडक्या बाकाच्या फळीतून कापून काढलं. त्या फळीवर कोणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता, त्यातून आरपार गेलेला बाण आणि दोन बाजूंना दोन अक्षरं. आम्ही पॉलिशपेपर घासघासून हात दुखवून घेतले, पण ते प्रेम फार खोल गेलेलं होतं. अक्षरं कोणाची हे अख्ख्या गावाला माहीत होतं. त्यातला मुलगा आता स्टँडवर मोबाइलचं दुकान चालवतो आणि त्याची बायको भलत्याच अक्षराची आहे.

सगळं जोडून झाल्यावर आम्ही रोबोट रेघेवर ठेवला आणि बटण दाबलं. तो हलला नाही. मग आम्ही चौघं त्याच्याभोवती बसलो. मोटर गरम झाली म्हणून मी वहीनं वारा घातला. मैत्रिणीनं वायर चाचपल्या. सर म्हणाले, काही लागते का त्याले? तेव्हा बडबड्या म्हणाला, "जावई हाये हा. बसवून ठेवा, वारा घाला, अन् बोलला नाही तं इचारा, काय चुकलं आमचं."

तेच नाव पडलं. नाव कळवायची वेळ आली तेव्हा इतर शाळांनी इंग्रजीत काय काय कळवलं होतं. आमच्याकडून फोनवर 'जावई' गेलं. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

जावई पुढच्या आठवड्यात चालू लागला, पण वळणावर भान सुटायचं. जोरात यायचा आणि रेघ सोडून पार भिंतीपर्यंत जायचा. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, नवीन पोरगा चढाईला गेला की असाच जातो, वळायच्या आधी पाय आखूड टाकायला सांगा त्याले. मैत्रिणीनं वळणाआधी वेग कमी केला. जावई वळला. त्या दिवसापासून सरांचा स्वतःवरचा विश्वास फार वाढला. ते सरावाच्या आधी जावयाला दोन फेऱ्या रिकाम्या मारायला लावू लागले, अंग मोकळं व्हायला म्हणून. शिट्टीही वाजवायचे. जावई शिट्टीला दाद देत नसे, पण सरांना त्याची सवय होती.

खोकं धरायचं काम राहिलं होतं. सोबत आलेला प्लॅस्टिकचा चिमटा गुळगुळीत होता, खोकं दर वेळी निसटायचं. मी घरून सांडशी आणली. तिचा खिळा घट्ट होता, तेल सोडून सैल केला, एक दांडी फळीला बांधली, दुसरी छोट्या मोटरला. काम झालं. आई तिकडे पदरानं गरम पातेली उतरवत राहिली आणि तिचा संशय शेजारच्या काकूंवर गेला. काकू आणि आई बरेच दिवस तोंड फिरवून पाणी भरत होत्या. मला ते दिसत होतं, पण सांडशी फारच चांगली चालत होती.

निघायच्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी शाळेच्या पायरीशी टेबल मांडलं. त्यावर जावई, त्याला हळदकुंकू, उदबत्ती आणि नारळ. बडबड्यानं, जावई जिवंत दिसावा म्हणून, बटण चालू करून ठेवलं होतं. दिवे लुकलुकत होते. मैत्रीण म्हणाली, सर, वरून प्लॅस्टिक टाकू का. मुख्याध्यापक म्हणाले, पूजेत प्लॅस्टिक नको. आणि त्यांनी टेबलाशेजारच्या दगडावर नारळ आपटला. पुढाऱ्यांच्या सभांमध्ये त्यांनी खूप नारळ फोडले होते, पण ते सगळे मोकळ्या जागेत. या नारळातलं अर्धं पाणी जावयाच्या पाठीवर गेलं. दिवे एकदम सगळे लागले, मग सगळे गेले. डावं चाक जरासं फिरलं आणि थांबलं.

"शुभ झालं," मुख्याध्यापक म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मैत्रिणीनं बॅटरी उपसली, जावयाला उलटा केला आणि ओढणीनं टिपायला लागली. जीपमध्ये बसल्यावर कारंजा येईपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. बोर्ड सुटं करून वाऱ्यात धरलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आमच्यात नारळ फोडत नाहीत. पण फोडत असते तरी मी बोर्डावर नसता फोडला."

जीपमध्ये आमच्या पुढ्यात एक म्हातारी बसली होती. मांडीवर उलटा पडलेला लाकडाचा तुकडा, त्याला चाकं आणि सांडशी, हे तिनं मंगरूळपीरपर्यंत निमूट पाहिलं. मग तिनं हे काय आहे म्हणून विचारलं. बडबड्यानं सांगितलं, जावई. तिनं विचारलं, कामधंदा काय करते? तो म्हणाला, खोकी उचलते. म्हातारी म्हणाली, मंग बरा हाये. आणि उतरताना तिनं जावयाच्या फळीला हात लावून बोटं कानशिलावर मोडली. मला वाटतं, त्या दिवशी मनापासून कोणी आशीर्वाद दिला असेल तर तिनंच.

वाशीमला स्पर्धा एका मोठ्या इंग्रजी शाळेच्या सभागृहात होती. त्या शाळेचा संघ एकसारख्या टीशर्टांत, छातीवर रोबोटाचं चित्र. त्यांचा रोबोट सगळा ॲल्युमिनियमचा, त्याच चकचकीत पट्ट्या. त्यांच्या रोबोटाला स्वतःची पेटी होती, आतून स्पंज लावलेली. आमचा पिशवीत होता, पिशवीवर साडी सेंटरची जाहिरात.

बॅटरी लावली. उजवं चाक फिरलं, डावं नाही. जावई जागच्या जागी गोल फिरायला लागला. नारळाचं पाणी सुकून चिकट थर झाला होता. मैत्रीण उठली, दारातल्या नोंदणीच्या टेबलावरची सॅनिटायझरची फवाऱ्याची बाटली न विचारता उचलून आणली, बोर्डावर मारली, जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासलं, फुंकर घालत बसली. पुन्हा बॅटरी लावली. डावं चाक कण्हलं आणि फिरलं. सर भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग सराव फेरी. जावई झकास निघाला. रेघेवर डोळा ठेवून, वळणावर पाय आखूड टाकत. अर्ध्या फळीवर खिडकीतून ऊन आलं होतं. जावई त्या उन्हात शिरला आणि त्याचं डोकं फिरलं. रेघ सोडून तो सरळ फळीवरून खाली उतरला आणि व्यासपीठाकडे चालू लागला, जिथे मुख्य पाहुण्यांची खुर्ची अजून रिकामी होती. बडबड्यानं त्याला पायरीशी गाठलं.

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाच मिनिटांत इंग्रजी शाळेचा रोबोटही त्याच उन्हात शिरला आणि वरातीत नाचल्यासारखा फिरायला लागला. त्यांचे सर कोणाला तरी फोन करायला बाहेर गेले. आमच्याकडे फोन करायला कोणी नव्हतं, त्यामुळे मैत्रिणीला विचार करावा लागला.

तिनं जावई परत उन्हात ठेवला आणि नुसता बघत राहिली. बडबड्या काय चाललंय ते बघायला वाकला आणि जावई सुधारला. तो सरळ झाला की जावई बिघडला. तिनं त्याला तीन-चार वेळा उठबस करायला लावलं आणि मग मला समजावून सांगितलं. रेघ बघणारा सेन्सर स्वतःच खाली एक न दिसणारा उजेड सोडतो आणि किती परत येतो ते मोजतो. पांढऱ्यावरून परत येतो, काळं तो गिळून टाकतं. पण उन्हात तोच उजेड ढीगभर असतो. मग जावयाला सगळी दुनियाच पांढरी दिसते. आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नव्हती. जावई बिचारा उन्हात कधी गेलाच नव्हता.

आम्ही आयोजकांना पडदे ओढायची विनंती केली. त्यांनी सांगितलं, पडदे ओढले तर फोटो काळे येतात. मग बडबड्याला जावयाबरोबर वाकून चालवायचं ठरलं. पंच म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजचा एक मुलगा होता, त्यानं दोरीच्या आत येता येणार नाही म्हणून अडवलं. आता सरांचं खातं होतं. सरांनी आयुष्यभर पंचांशीच वाद घातला होता. सावली म्हणजे हात नाही, ते म्हणाले, कबड्डीत सावली रेषेपार गेली तर गडी बाद होत नाही, इथं काहून होईल? तो मुलगा घाबरून आत विचारायला गेला. परत येऊन नाही म्हणाला, पण सरांच्या तोंडाकडे न बघता.

मैत्रीण तेवढ्या वेळात आम्हा सगळ्यांना डोक्यापासून पायापर्यंत निरखत होती. माझी रिबीन लाल. तिची ओढणी पांढरी आणि वर नारळाचं पाणी. तिची नजर सरांच्या पायाशी थांबली.

"सर, मोजा द्या."

"काहून?"

"काळा हाये. जाड हाये."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुर्चीवर बसून डाव्या पायातला बूट काढला. मोजा कालच्या सरावातला होता, कदाचित त्याच्या आदल्याही. आम्ही तोंडानं श्वास घेत काम केलं. कात्री नव्हती. व्यासपीठावर मुख्य पाहुण्यांसाठी ताम्हणात फुलं पसरून त्यावर एक नवीन कात्री ठेवली होती. ती बडबड्यानं आणली आणि काम झाल्यावर पुसून परत ठेवली. मोज्याची दुहेरी झालर करून सेन्सरभोवती बांधली. जावई आता काळा परकर नेसल्यासारखा दिसत होता. उन्हात सोडला. तो रेघेवरून सुतासारखा गेला.

नंतर मुख्य पाहुणे आले आणि त्यांनी त्याच कात्रीनं फीत कापली. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

परीक्षक मॅडम प्रत्येक रोबोट तपासत होत्या. जावयाजवळ त्या वाकल्या, बदाम वाचला, मग आणखी वाकल्या आणि झटकन सरळ झाल्या. हे कापड कशाचं, त्यांनी विचारलं. बडबड्या म्हणाला, सेन्सरचं संरक्षक आवरण आहे, मॅडम. आणि वास कसला येतोय? तो म्हणाला, मेहनतीचा. मॅडम पुढच्या रोबोटाकडे वळल्या.

पहिली फेरी आम्ही जिंकलो, कारण समोरचा रोबोट उन्हात हरवला. दुसरी जिंकलो ती खरी जिंकलो. माईकवरून 'आता मैदानात येत आहेत जावई' असं म्हटलं की सभागृह हसायचं आणि तिसऱ्यांदा नुसतं हसलं नाही, टाळ्याही वाजल्या. उपांत्य फेरी इंग्रजी शाळेशी होती. त्यांनी एव्हाना आमच्याकडे बघून आपल्या रोबोटाला काळ्या पुठ्ठ्याची चौकट लावली होती, नीट मापात कापून.

दोघांची दोन-दोन खोकी झाली. त्यांची दोन आमच्या आधी पोचली होती, पण तिसरं खोकं अर्ध्या वाटेत पडलं आणि रोबोट ते शोधत फिरू लागला. आमचा जावई तिसरं खोकं घेऊन गोदामाकडे निघाला. सर दोरीला टेकून ओरडत होते, श्वास सोडू नको, श्वास सोडू नको. गोदाम हातभर राहिलं आणि मोज्याचा सुटलेला धागा चाकात गुंडाळला गेला. जावई थांबला. चाकं गुरगुरली. ठरलेल्या वेळी सांडशी उघडली, खोकं खाली पडलं, एक कोलांटी खाऊन गोदामाच्या रेषेवर थांबलं. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली.

पंच वाकून बघू लागला. खोकं पूर्ण आत असेल तरच मोजायचं असा नियम होता. सर दोरी ओलांडून त्याच्या शेजारी उकिडवे बसले होते आणि खोकं कसं आत आहे हे त्याच्या अंगावर झुकून त्याला दाखवत होते. तो मुलगा सकाळपासून सरांना भीत होता. त्यानं मान हलवायला सुरुवात केली. इंग्रजी शाळेची पोरं रडवेली झाली. आणि माझी मैत्रीण गुडघ्यांवर बसली, गाल फळीला लावून एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं.

"सर, बाहेर हाये," ती म्हणाली.

सर म्हणाले, आत हाये. ती म्हणाली, कोपरा बाहेर हाये. तिचा आवाज चढला नाही. पंचानं मग पुन्हा बघितलं आणि त्यालाही तो कोपरा दिसला. बरोबरी झाली, आणि बरोबरीत ज्याची खोकी आधी पोचली तो पुढे. आम्ही हरलो. मला तेव्हा तिचा राग आला होता, हे लपवत नाही. बडबड्याला तर इतका आला की तो खरोखरच गप्प बसला.

उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही संघांना तिसरा क्रमांक होता, त्यामुळे बक्षीस समारंभात आम्हालाही प्रमाणपत्र मिळालं. त्यावर 'जवाई' छापलं होतं.

स्टँडवर सरांनी आम्हाला कचोरी खाऊ घातली. त्यांच्या एका पायात मोजा होता, एकात नुसता बूट. त्यांनी स्वतः काही खाल्लं नाही. चहाचा ग्लास फिरवत राहिले आणि मग मैत्रिणीला म्हणाले, "पंधरा वर्षं झाली मी पोरं खेळवतो. स्वतःहून 'मले हात लागला' म्हणणारा गडी पाह्यला नाही. तू कबूल केलं. मले आवडलं नाही. पण बरोबर हाये."

ती मिरचीचा तुकडा बाजूला काढत होती. पण परतीच्या जीपमध्ये ती जी बोलायला लागली ती थांबेचना. धागा का सुटला, झालर चाकापासून किती लांब हवी होती, सांडशी थोडी उशिरा उघडली असती तर काय झालं असतं. आम्ही तिघंही ऐकत होतो. ती हरल्याचं दुःख करत नव्हती, हे मला शेलूबाजारच्या आसपास कळलं आणि माझा राग तिथेच उतरला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापकांनी बडबड्याला माईक दिला. त्याची वाचा परत आली होती. त्यानं वाशीमचं असं वर्णन केलं की शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं आपण जिंकलोच होतो आणि फक्त करंडक आणायचा राहिला. मुख्याध्यापकांनी त्यात नारळाचंही नाव घेतलं. पोरांनी टाळ्या सुरू केल्या. तेवढ्यात मैत्रीण रांगेतून म्हणाली, "हारलो आमी. खोकं बाहेर होतं."

टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. पाचवीच्या रांगेतून एका पोरीनं विचारलं, किती बाहेर? मैत्रिणीनं बोट वर करून नख दाखवलं. त्या पोरीनं जरा विचार केला आणि म्हणाली, मंग मांगून पंख्यानं वारा सोडायचा होता, हातबी लागला नसता अन् खोकंबी गेलं असतं. सगळी शाळा हसली. मैत्रीण हसली नाही. ती तिच्याकडे नीट बघत राहिली.

"मधल्या सुट्टीत ये," ती म्हणाली. "पंखा आणजो."